गायरानाच्या ताई

माजी आमदार वत्सलाताईंची आणि माझी पहिली भेट मलकापूरच्या एका सभागृहात झाली. मी तेव्हा कऱ्हाडच्या एका साप्ताहिकात नवा वार्ताहर होतो. मुळात चौकस, त्यात हाती लेखणी आलेली, मग काय विचारता! मोठ्या ऐटीत मी विचारलं, "ताई, आपला प्राधान्याचा विषय कोणता?" ताईंनी उलट विचारलं, "तुमच्या घरी पाणी कोण भरतं?" मी म्हटलं, आई. "मग तिचा प्राधान्याचा विषय कोणता, ते कधी विचारलंत?" मुलाखत माझीच झाली.

त्यानंतर वार्तांकनाच्या निमित्ताने ताईंचे अनेक दौरे पाहिले. भाषणापेक्षा त्यांना चौकशीत रस. जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या दुष्काळी गावात गेल्या की सभेआधी आळीतून फिरत. कुलूप लागलेलं घर दिसलं की शेजाऱ्यांना विचारत, "हे कुठं गेलेत? कधी येणार?" कार्यकर्ते वैतागत. घरात माणूस नाही, मग मत तरी कुणाचं मागायचं? मलाही हे कोडंच होतं. शेवटी त्यांच्या गाडीचे चालक दत्तूभाऊंना गाठलं. ते म्हणाले, "गायरानापास्नं लागलीया ही सवय."

ती हकिकत पुढे ताईंनीच मला सांगितली. त्यांच्या मतदारसंघातल्या एका गावच्या पोरांना सैन्य आणि पोलीस भरतीच्या सरावासाठी मैदान हवं होतं. मागणी रास्त होती. हिवाळ्यात ग्रामसभा झाली, हात वर झाले आणि गायरानाची जागा ठरली. ताईंनी विधानसभेत विषय लावून धरला, मंजुरी आणली. गावात हलगी वाजली, पेढे वाटले.

पुढे एकदा कऱ्हाडजवळ रस्त्याकडेच्या रानात मेंढरं बसलेली दिसली, म्हणून ताई गाडीतून उतरल्या. तळावर त्याच गावच्या हिराबाई भेटल्या. दिवाळी झाली की गावातली मेंढपाळ घरं बिऱ्हाड घेऊन नदीकाठाला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हिराबाईंनी आधी चहा पाजला, मग म्हणाल्या, "आवं ताई, आमी हिकडं असताना आमचं गायरान दिलंसा व्हय? पावसाळ्यात मेंढरं चारायची कुटं? का इकून टाकायची?"

"लय लाज वाटली हो," हे ताईंचेच शब्द.

पुढच्या अधिवेशनात ताई विधानसभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझीच मागणी मी मागे घेते. ज्यांचं पोट त्या जागेवर आहे, त्यांना मी विचारलं नव्हतं." समोरच्या बाकांवर हशा पिकला, स्वपक्षीयांनी कपाळाला हात लावला. ग्रामसभा पुन्हा भरली ती पावसाळ्यात, सगळी घरं गावात असताना. भांडणं झाली, पण गायरान वाचलं. मैदानासाठी दुसरी जागा शोधायला वेळ लागला. तोवर निवडणूक आली आणि चिडलेल्या पोरांनी ताईंना पाडलं. मतदान दिवाळीनंतर होतं. ज्यांच्यासाठी ताईंनी शब्द मागे घेतला, ती माणसं मेंढरांमागे गेली होती.

"ते मतदानाला नसणार, हे ठाऊक होतं?" मी विचारलं.

"होतं की."

"मग वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. पडल्यावर कुणाला बरं वाटतं? चार दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही." मग म्हणाल्या, "पोरांचं तरी काय चुकलं? मैदान त्यांनाही हवंच होतं."

आमदारकी गेली, तरी मैदानाच्या जागेसाठी त्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिल्या. अखेर जागा मिळाली. भरती झालेली पोरं आता सुट्टीवर आली की ताईंच्या पाया पडून जातात. आपण पाडलं होतं, हे कुणी काढत नाही. ताईही काढत नाहीत.

पंचाहत्तरीचा समारंभ कऱ्हाडात, हिवाळ्यात करायचा आमचा बेत होता. ताईंनी तो श्रावणात, त्या गावात घ्यायला लावला. हिराबाई आता फार थकल्यात. नातवाचा हात धरून त्या व्यासपीठावर आल्या, ताईंच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "शंभर वर्सं जगा ताई. तुमी हाईसा तंवर गायरानाला कोण हात लावत न्हाई."

ताई हसल्या नाहीत. आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आणि मी गेल्यावर?"

ताई, या प्रश्नाचं उत्तर आमच्यापाशी आज नाही, हे समारंभानंतर निघणाऱ्या या गौरवग्रंथात स्पष्ट लिहून ठेवतो. ते आम्हाला देता येईपर्यंत तरी तुम्हाला ठणठणीत राहावं लागेल. आमच्यासाठी नका राहू, हिराबाईंच्या मेंढरांसाठी राहा.