माळ्यावरच्या अकरा वह्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आई गेली तेव्हा रडता रडता एक क्षण हायसंही वाटलेलं, की चला, हिला तरी आता सांगावं लागणार नाही. असं वाटणारी मुलगी आहे मी. नाही आवडली तर इथेच थांबा, माझी काही हरकत नाही.

मध्यंतरी डोंबिवलीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, स्टेजवर ‘प्राध्यापिका ते राजदूत’ असा भलामोठा फलक. प्रश्नोत्तरांत एका मुलीने विचारलं, मॅडम, वाटाघाटी करायला तुम्ही कुठे शिकलात? मी म्हटलं, अनुभवातून. टाळ्या पडल्या. घरी येऊन चपला काढताना स्वतःची इतकी चीड आली की सांगता सोय नाही. अनुभवातून म्हणे. मी कुठे शिकले ते मला पक्कं माहीत आहे. खाडीच्या काठी, एका देवळाच्या ओट्यावर, हिराजी आप्पांकडे.

तर ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कल्याणच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. घर डोंबिवलीत, दोन खोल्या, आम्ही सहा माणसं. पीएचडीला विषय घेतलेला गावकीचा — म्हणजे कोर्टकचेरीत न जाता गाव आपसात निवाडा कसा करतं. सगळे संसदेवर लिहितात, मी गावावर लिहिणार होते. माज होता मला, आणि का नसावा? एसटीने नाक्यापर्यंत जायचे आणि तिथून बांधावरून चालत गाव गाठायचे. तीन वर्षं गेले.

हिराजी आप्पा त्या गावचे जाणते. आयुष्य मिठागरात गेलेलं, तळपायांना भेगा, आणि बोलणं एकदम तुटक. पहिल्या दिवशी त्यांच्या घरी सुके बोंबील आणि तांदळाची भाकरी खाल्ली. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नव्हतं. आईला सांगितलं, पोळीभाजीचा डबा खाल्ला. बघा, खोटं बोलायचा सराव तेव्हापासूनचा.

त्या गावात निवाड्याची एक रीत होती. भांडण घेऊन आलेल्याने आधी आपलं म्हणायचंच नाही. आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं — त्याला काय दुखलं, तो का चिडला. समोरचा ‘बराबर’ म्हणेपर्यंत मांडत राहायचं. तो ‘बराबर’ म्हणाला की मगच आपलं बोलायची मुभा. नाही म्हणाला तर तोंड बंद. आप्पा मला शिकवायचे, “बाय, आदी त्याचा सांग. मंग तुजा.” सख्खे भाऊ बांधाच्या वादावरून कुऱ्हाडी घेऊन आलेले मी पाहिले, आणि तासाभराने एकमेकांचं गाऱ्हाणं सांगता सांगता डोळे पुसतानाही पाहिले. सगळं लिहून घेतलं. अकरा वह्या भरल्या.

त्या वह्यांत आणखी काहीतरी होतं. गावामागे खाडीला लागून खारजमीन होती. बाप-आजांनी मातीचा बांध घालून समुद्राकडून मिळवलेली, सगळ्या गावाची मिळून. भात तिथे, गुरं तिथे. पण कागद नव्हता. कोणी कुठला बांध घातला, कोणाच्या आजाने कुठे उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, बसवली, हे फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी होतं, आणि त्यांच्याकडून ते मी लिहून घेतलेलं. नावानिशी, शेजारी अंगठे. त्यातले बरेचसे म्हातारे नंतर वारले. मग सरकारी मोजणी आली, जमीन पडीक दाखवली गेली, तिथे मोठी वसाहत होणार असं कळलं. गाव बांधावर आडवं झालं. बायकांवरसुद्धा केसेस पडल्या. शेवटी प्रांतांच्या कचेरीत सुनावणी लागली आणि आप्पा माझ्याकडे आले. पहिल्यांदाच माझ्या घरी. आईने त्यांना चहा वेगळ्या कपातून दिला. त्यांच्या लक्षात आलं, माझ्याही आलं. तू वह्या घेऊन येशील ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी येईन म्हटलं. शब्द दिला.

आणि त्याच महिन्यात, नोकरी सांभाळून दिलेल्या स्पर्धा परीक्षेचा माझा निकाल लागला. परराष्ट्र सेवा. आमच्या चाळीत पेढे वाटले, बाबा दोन दिवस नुसते हसत होते. फक्त पोलिस पडताळणी बाकी होती.

आता इथे तुम्ही म्हणाल, हिला कोणीतरी धमकावलं असणार. नाही हो. कोणीही नाही. एक हवालदार आला, गरीब बिचारा, चहा प्यायला, कुठल्या आंदोलनाबिंदोलनात नाही ना, असं विचारून ‘नाही’ असं लिहून घेऊन गेला. शिवाय जाता जाता म्हणाला, ताई, नाव काढाल तुम्ही. बस. एवढंच. भीती माझी मीच तयार केली. कारण मला ती नोकरी हवी होती. बाबांसाठी नाही, देशासाठी तर अजिबात नाही — मला, माझ्यासाठी. दोन खोल्यांतून मला बाहेर पडायचं होतं, जग बघायचं होतं. त्या हवं असण्याची मला आजही लाज वाटत नाही. कोणी वाटून घ्यायला सांगितली तरी वाटून घेणार नाही.

लाज आहे ती पुढची.

सुनावणीला मी गेले नसते तर निदान भित्री म्हणून सुटले असते. पण मी गेले. इस्त्रीची साडी नेसून, पुढच्या बाकावर बसलेले. प्रांतसाहेबांनी अदबीने विचारलं, मॅडम, आपल्याकडे या लोकांच्या जबान्या लिहिलेल्या आहेत म्हणे? आणि मी म्हटलं — होत्या. पावसात भिजल्या. टाकून दिल्या. तशीही ती सगळी ऐकीव माहिती होती, अभ्यासापुरती.

वह्या घरी माळ्यावर होत्या. ट्रंकेत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कोरड्या ठणठणीत. एक पानसुद्धा ओलं झालेलं नव्हतं.

मागे सगळं गाव बसलेलं. कोणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. भांडण मला चांगलं जमतं.

बाहेर वडाखाली आप्पा उभे होते. मी मान खाली घालून निघाले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. आणि काय केलं माहितेय? माझं म्हणणं मांडलं. माझं! म्हणाले, “बाय, तुजा असा हाय. एवडी शिकली, आता नोकरी लागली. आमच्यापायी ती जाल, बापाचा तोंड उतरल, याचा तुला भ्याव वाटला. आनि आमी तुजे कोन? बराबर?”

आणि थांबले. रीतच होती तशी. मी ‘बराबर’ म्हटलं की मग ते त्यांचं सांगणार. माझ्याकडे बघत उभे राहिले, खूप वेळ. आणि मी — गावकीवर तीनशे पानं लिहिणारी विदुषी — घड्याळ बघितलं आणि म्हटलं, माझी बस आहे. निघाले. मी ‘बराबर’ म्हटलं नाही, म्हणून त्यांना त्यांचं बोलताच आलं नाही. एवढं मोडून पडलेलं असताना त्या माणसाने रीत मोडली नाही, आणि मला ते माहीत होतं. त्याचाच फायदा घेतला मी.

जमीन गेली. वह्यांनी वाचली असती का? नसतीही वाचली, साहेबांनी अंगठे बाजूला सारले असते. खूप वर्षं मी या ‘नसतीही’वर झोपले. आता नाही झोपत. वाचली असती की नसती हे ठरवायचा हक्क त्यांचा होता, मी तो परस्पर काढून घेतला.

पुढचं सगळं तुम्हाला सत्कारात ऐकायला मिळेल. नव्वदच्या दशकात एका परदेशी बंदरात पकडलेल्या मच्छीमारांवरून बोलणी अडली होती. दोन्हीकडचे अधिकारी नुसते मुद्दे फेकत होते. मी सुचवलं, आधी एकमेकांची तक्रार आपल्या शब्दांत मांडू या, समोरचा हो म्हणेपर्यंत. तिसऱ्या दिवशी माणसं सुटली. तेव्हापासून वरिष्ठ त्याला ‘मॅडमची पद्धत’ म्हणायला लागले, नव्या लोकांना शिकवायला लागले. मी एकदाही म्हटलं नाही की पद्धत माझी नाही. म्हणायला गेले असते तर पुढचा प्रश्न आला असता, मग ते गाव आता कुठे आहे? आणि त्या खारजमिनीवर आता सतरा मजली इमारती आहेत, एकीच्या फाटकावर खाडीचं चित्र काढलंय.

माणसं सुटली, ते मात्र खरं. नोकरी मी उत्तम केली, ते खोडून काढायला कोणाला जमणार नाही, मलाही नाही. पण एकाने दुसरं फिटत नाही. मी फेडायला बसलेलेही नाही.

सुट्टीवर आले तेव्हा कळलं, आप्पा गेले. मी गावात गेले नाही. वह्या अजून माझ्याकडे आहेत. कोणाला दिल्या नाहीत, जाळल्याही नाहीत. मधूनमधून काढते. आप्पांच्या अंगठ्याचा ठसा पहिल्याच पानावर आहे, निळा.

बराबर, आप्पा. माझं म्हणणं तेच होतं, तुम्ही मांडलंत तेच, अगदी शब्दन् शब्द. पुढे तुमचं होतं. ते मी ऐकून घेतलं नाही.