गोल मणी, लांब मणी

आमच्या घरात बाळांची नावं ठेवणं आणि सगळ्यांना नावं ठेवणं, ही दोन्ही खाती माझ्याकडे आहेत. त्यामुळे नात झाली तेव्हा मी कोणाला विचारायला गेलेच नाही. कुलदेवीचं नाव ठरवलं आणि भांडुपपासून मालवणपर्यंत फोन करून सांगूनही टाकलं. मुलाने "आई, तू म्हणशील ते" म्हणत अंग काढून घेतलं. सून म्हणाली, "छान आहे, आई."

सून नॉर्वेची. अंधेरीच्या ऑफिसात दोघांचं जमलं. तिची आई ती शाळेत असतानाच गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि त्या घरात मग आईचं नाव कोणी काढेनासं झालं. हे तिने मला एकदाच, मेथी निवडता निवडता सांगितलं होतं. नावही तेव्हाच कळलं, अगदी छोटंसं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण हिला माहेरच नाही. म्हणून मी तिला सातव्या महिन्यात भांडुपला घेऊन आले. अळिवाची खीर तिने तोंड वाकडं न करता संपवली, तेव्हाच मी मनात म्हटलं, पोर गुणाची आहे.

बारशाला मनगट्या हव्यात. काळे मणी, मध्ये मध्ये सोन्याचे, दृष्ट लागू नये म्हणून. त्या आजोळहून यायच्या, आणि आजोळ म्हणजे पुन्हा मीच. सोनाराकडे निघाले तर सून म्हणाली, "आई, मी ओवू? सोन्याचे थोडे मणी गोल पाहिजे, थोडे लांब." म्हटलं, ओव बाई, तेवढाच तुला विरंगुळा.

तिने ओवलेल्या मनगट्या बघून मी कपाळाला हात लावला. कुठे दोन गोल, कुठे तीन, मध्येच एक लांबट, कशाला काही ताळतंत्र नाही. आमच्याकडे दोन काळे, एक सोन्याचा, अशी शिस्तीत ओळ असते. बारशाला माझ्या जाऊबाई येणार, आणि त्यांच्या नजरेतून पायपुसणंही सुटत नाही. सून बाळाला घेऊन आत झोपली होती. मी चष्मा चढवला, कात्री घेतली, म्हटलं ती उठायच्या आत पुन्हा ओवून ठेवते.

कात्री लावण्याआधी सहज बोट फिरवलं. एका टोकाकडून काहीच लागेना. दुसऱ्या टोकाकडून गोल, लांब, गोल, गोल. मग काळे मणी. दोन गोल. पुन्हा काळे. तीन गोल, एक लांब. लग्नाआधीपासून मी तार ऑफिसात कामाला. पुढे मशिनं आली, नंतर तारच बंद झाली, तरी ते मोर्सचं कडकट्ट काही कानातून गेलं नाही. गोल म्हणजे आखूड ठोका, लांब म्हणजे लांब ठोका, अशी तीन अक्षरं झाली. दुसरी मनगटी तपासली. तीच अक्षरं, त्याच क्रमाने. विहीणबाईंचं नाव.

पोरीने ते बाळासाठी मागितलं नव्हतं. वाद नाही, रुसवा नाही. आपलं म्हणून नुसतं लेकीच्या मनगटावर बांधायचं ठरवलं होतं. मला इतकं भरून आलं की चष्मा काढून ठेवावा लागला. कात्री डब्यात टाकली. मग देवघरापुढे जाऊन देवीला म्हटलं, तू आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेस, आता जरा सरकून बस.

मुलाला बहीण नाही, त्यामुळे बारशात आत्याचा मानही माझ्याकडेच आला. मी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी माझ्या पाठीत बुक्के घातले, आणि मी नाव मोठ्याने सांगितलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"ह्यां कसलां नाव गो?" जाऊबाई म्हणाल्या.

"विहीणबाईंचं. लग्नात त्यांचा मान करायचा राहिला होता."

सुनेच्या हातात घुगऱ्यांची वाटी होती, ती तशीच राहिली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आमच्याकडे असे दागिने करतात आता. मला वाटलं, इथे कोणाला कळणार नाही."

"मला त्याचाच पगार मिळायचा गं," मी म्हटलं. मग ती जी रडली, ती माझा पदर ओला करूनच थांबली. मीही काही कमी रडले नाही.

त्या बाईला मी कधी पाहिलं नाही. एवढी समजूतदार लेक तिने घडवली आणि मला आयती मिळाली, याबद्दल तिचे उपकार मानायचे तरी कुठे जाऊन? आता दिवसभर घरात तिचं नाव घुमतं. दुपट्यासाठी हाक, तेलासाठी हाक, उगी उगी म्हणून हाक. मी हाक मारली की सून हातातलं काम थांबवते आणि क्षणभर नुसती ऐकत उभी राहते. म्हणून बाळ गाढ झोपलेलं असलं, तरी मी एखादी हाक मारतेच.