सिनेमातल्या बाईला भाऊ नव्हता

ताईला जाऊन दीड महिना झाला. शिलाई मशीनवर बसल्या बसल्याच गेली. आम्ही दोघं शेवटचं सोबत बाहेर पडलो ते एका सिनेमाला. परदेशात नवऱ्यानं अडकवून ठेवलेल्या एका आईची गोष्ट होती. तिकिटं मीच काढली आणि अर्ध्या तासात स्वतःलाच शिव्या घालायला लागलो. पडद्यावरची बाई पोरीला कडेवर घेऊन विमानतळावर धावते आहे, आजूबाजूचे लोक डोळे पुसताहेत... आणि आमची ताई निवांत पॉपकॉर्न खाते आहे. बाहेर आल्यावर म्हणाली, "तिले भाऊ नव्हता गा, म्हून सुटली." आणि हसली. वर म्हणाली, "चाल, चहा पाज." या हसण्यानं तिनं मला आयुष्यभर जेरीस आणलं.

आखातात नोकरी करणारा जावई मिळाला तेव्हा सक्करदऱ्यातल्या आमच्या घराला आभाळ ठेंगणं झालं होतं. भाऊजींनी (आजही तोंडातून 'भाऊजी'च निघतं, याचीही चीड येते) तिथं पोचताच ताईचा पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवला, 'हरवेल' म्हणून. लेक झाली, मुक्ता, तर तिचाही. घराबाहेर एकटीनं पडायचं नाही, फोन त्यांच्यासमोरच करायचा. "तुले जायचं तर जा, पोरगी इथंच राहील," हे उठताबसता ऐकवायचे. मुक्ता आठ वर्षांची असताना एका दुपारी शेजारणीच्या फोनवरून ताई बोलली. दोन्ही पासपोर्ट हाती लागले होते, तिकिटंही शेजारणीनं काढून दिली होती. "गुरुवारी येऊन राहिलो आम्ही दोघी. विमानतळावर ये. कोणाले बोलू नको."

मी बाबांना सांगितलं. बाबा हबकलेच. जावयाला न विचारता लेक आणि नात घरी आणायची? मागच्या धोंड्याच्या महिन्यात तो एकटाच सुट्टीवर आला होता, तरी अनारशांचं ताट आणि कपडे देऊन आम्ही त्याच्या पाया पडलो होतो. "एक फोन करून टाक," बाबा म्हणाले. "जावईबापूले वाईट नाही वाटलं पाहिजे." आणि मी केला. चोवीस वर्षांचा घोडा होतो, तरी केला. "भाऊजी, ताई गुरुवारी येऊन राहिली म्हणते. तुमची परवानगी आहे नं?" ते इतकं गोड बोलले की फोन ठेवून मी बाबांना म्हणालो, पाहा, उगाच घाबरत होतो आपण.

गुरुवारी मी विमानतळावर उभा राहिलो. सगळे प्रवासी बाहेर आले, मग सामान उचलणारे आले, मग कोणीच आलं नाही...

पुढची सहा वर्षं कशी गेली, हे ताईनं कधी सांगितलं नाही. भाऊजींची नोकरी सुटली आणि त्यांनाच परतावं लागलं, तेव्हा कुठे या दोघी आल्या. ताई विमानतळावरून थेट आमच्याकडे आली, पुन्हा त्या माणसाच्या घरी गेली नाही. ब्लाउज शिवून मुक्ताला शिकवलं, बाबांचं शेवटचं आजारपण काढलं. पण त्या फोनबद्दल अवाक्षर नाही. अगं, एकदा तरी भांड माझ्याशी! दर भाऊबीजेला ती ओवाळायला लागली की मला वाटायचं, आज ऐकवेल. ती विचारायची, करंजी देऊ का अजून? एकदा मीच विषय काढला, तर म्हणाली, "जाऊ दे नं, तू का मुद्दाम केलं?" माफी मागायचीसुद्धा सोय या बाईनं ठेवली नाही. मला तिचा राग यायचा. अजून येतो.

तेराव्यानंतर तिची खोली आवरायला गेलो. मुक्ताला बंगळूरला नोकरी लागली होती, थोड्याच दिवसांत निघायचं होतं. मशीनवरच्या भिंतीवर ताईनं लेकीसाठी एक कागद चिकटवलेला होता. शेजारच्या काकू, किल्ली यांच्याकडे. डॉक्टर, सुट्टीतही फोन उचलतात. चौकातले ऑटोवाले काका, हाक मारली तरी येतात. सगळ्यांत खाली मी होतो. 'मामा. खूप जीव लावतो. कुठं जायचं असेल तर पोचल्यावर सांगायचं.'

मी तो कागद काढला नाही. मुक्ता परवा गेली. कोणत्या गाडीनं, किती वाजता, मला ठाऊक नव्हतं. दुपारी तिचा फोन आला, "मामा, पोचली मी."