सावाआजींची हित्सुमी

जपानमधल्या निनोहे गावात थंडीच्या दिवसांत हित्सुमी कुठे खावी, असं विचारलं की लोक स्टेशनसमोरच्या सावाआजींच्या खानावळीकडे बोट दाखवत. कणकेचे तुकडे हातानं ताणून तोडायचे आणि कोंबडीच्या रश्श्यात शिजवायचे, एवढंच ते सूप. पण गेल्या वर्षी आजींची दृष्टी गेली आणि त्यांची सून चिझुरू हिनं खानावळ बंद केली.

फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलं. गाडी स्टेशनातच अडकली आणि कुडकुडणारे प्रवासी खानावळीचं दार ठोठावू लागले.

"नाही म्हणून सांगते त्यांना," चिझुरू म्हणाली.

"दारात आलेल्याला उपाशी पाठवतेस? पातेलं चढव!"

"आई, भाजून घ्याल हो!"

"डोळे गेलेत गं माझे, हात नाही गेले."

आजी चुलीपाशी उभ्या राहिल्या. वाफेवरून अंदाज घेत त्यांनी कणीक ताणली आणि पहिला तुकडा अलगद रश्श्यात सोडला. मग भराभर तुकडे पडत गेले. एकही पातेल्याबाहेर गेला नाही, आणि प्रत्येक इतका पातळ की आरपार जाळ दिसावा. चिझुरू श्वास रोखून बघतच राहिली.

"अगं, उभी काय राहिलीस? वाडगे भर!"

संध्याकाळी गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिझुरूनं खानावळ उघडली आणि कणीक मळून आजींच्या हाताशी ठेवली.