गुरांची वाट, नागलीचा राब

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी डर्ट बाईक घेतली, तेव्हा इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बाईचं डोकं फिरलंय. दुसऱ्या तटाचं म्हणणं, गाडी भाच्याची असणार, ही नुसती पुसते. मी रोज सकाळी सगळ्यांसमोर ती गाडी किक मारून चालू करायचे आणि दोन्ही तटांना दोन मिनिटं आवाज ऐकवायचे. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची.

सत्तावीस वर्षं मी ओझरच्या कारखान्यात सुट्या भागांच्या तपासणीचं काम करते आहे. माझी सही झाल्याशिवाय भाग पुढे सरकत नाही. मी परत पाठवलेला भाग कुणी गुपचूप पुढे ढकलला असं एकदाही झालेलं नाही, आणि हे मी नम्रपणे सांगत नाही. ‘जमेल का तुम्हाला?’ असं कुणी विचारलं की माझं डोकं तापतं. बाईक घेतली ती थोडी हौसेनं आणि बरीचशी या प्रश्नावरच्या रागानं.

गाडी उंच. माझी उंची पाच फूट एक इंच. एक पाय टेकला की दुसरा हवेत. रिकाम्या प्लॉटवर गाडीनं इंग्रजी आठाचे आकडे काढायला शिकले, उभं राहून चालवायला शिकले, आणि मग प्रश्न आला की खऱ्या मातीत जायचं कुठे. गाडी शिकवणाऱ्या पोरांनी ‘नवशिक्यांसाठी एकदम सोपी’ म्हणून जी जागा सांगितली, ती एक कोरडी नदी होती. गोटेच गोटे. तिथे मी चार वेळा पडले आणि कानाला खडा लावला, की यापुढे आपली वाट आपण शोधायची.

मी ती तपासणीच्या पद्धतीनंच शोधली. वनखात्याच्या कचेरीत जाऊन विचारलं. राखीव जंगलात गाडी घालायची नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. म्हणजे उरलं गायरान, आणि गायरानासाठी ग्रामपंचायत. मोबाईलवर उपग्रहाचे नकाशे उघडून मी रविवार रविवार बसायचे. चढ किती, पाणी कुठे, गाडी वळवायला जागा आहे का, पडलंच तर माणूस हाकेच्या अंतरावर आहे का, असं सगळं वहीत उतरवायचे. शेवटी वणी सोडून सुरगाण्याकडे जाताना डोंगरात आत एक पाडा सापडला. सरपंच शांत माणूस. म्हणाला, “गायरानात ऱ्हावा. तो आंबा दिसतो ना, तिथपर्यंत. दारू नको, प्लास्टिक नको.” मी वहीत लिहून घेतलं.

मार्चच्या पहिल्या शनिवारी आम्ही निघालो. पुढे मी बाईकवर, मागे आमची गाडी घेऊन हे. यांचा वेग चाळीसच्या वर जात नाही. डिकीत तंबू, घडीची खुर्ची, थर्मास, खिचडीचं सामान आणि यांची उशी. यांना मातीत बाईक चालवण्यात काडीचाही रस नाही. पण मी जाते म्हटल्यावर ते येतात, आणि त्याचा उपकार कधी दाखवत नाहीत.

आंब्याखाली पोचलो तर तिथे दगड. तंबूचा एक खुंटा धड बसेना. आंब्याच्या पलीकडे पन्नासेक पावलांवर मात्र छान सपाट तुकडा होता. वाऱ्याला आडोसा होता, आणि जमिनीवर वाळलेल्या फांद्या, सागाची पानं, गवत असं सगळं नीट पसरून ठेवलेलं.

“अगं, कुणीतरी आपल्यासाठी गादीच घातलीये,” हे म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “कुणाचं असेल का हे?”

मी कमरेवर हात ठेवून तो तुकडा पाहिला आणि सांगितलं, “वणवा लागू नये म्हणून खात्याची माणसं पाला असा गोळा करून ठेवतात. उलट आपण थोडा वापरला तर बरंच होईल.” इतक्या ठामपणे सांगितलं की मलाही ते खरं वाटलं. आंब्याची हद्द वहीत होती, वही खिशात होती. अर्ध्या पाल्यावर आम्ही तंबू लावला. उरलेला कवेत भरून उचलून, दगडांचा गोल करून, संध्याकाळभर चुलीत घातला. खिचडी झाली, चहा दोनदा झाला. शेकत बसल्यावर मी यांना म्हटलं, “बघा, कशी जागा शोधली!”

सकाळी एक बाई डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन आली. वाळकी, ताठ मानेची. भारा खाली न ठेवताच तिनं आमची राख पाहिली, मग तंबू पाहिला.

“राब कुनी जाळला?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “आजी, आम्हाला वाटलं…”

“आजी नको म्हनू. तुझ्याच वयाची हाय मी.”

तिनं भारा खाली टाकला आणि मला समजावून सांगितलं, लहान पोरीला सांगावं तसं. हा तुकडा तिच्या घरचा. आंब्याच्या पलीकडे गायरान संपतं. नागली, म्हणजे आपली नाचणी, पेरायची तर आधी रोप करावं लागतं, आणि रोपासाठी जमीन भाजावी लागते. खाली शेण, त्यावर टहाळ आणि पाचोळा, त्यावर गवत, वरून मातीचा पातळ थर. वैशाखात वाऱ्याचा अंदाज घेऊन ते पेटवायचं. तण मरतं, राख जमिनीत जाते, मग पाऊस पडला की त्यावर बी टाकायचं. हे सगळे थर मिळून राब. मुलगा आणि सून दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला गेलेले. हिनं एकटीनं वीस दिवस पाला वाहून आणला होता. त्यातला निम्मा आम्ही खिचडीखाली घातला.

“आता जवळचा पाला समद्यांनी नेला,” ती म्हणाली. “ऱ्हायला तो त्या खालच्या दरीत. राब नाय झाला तर रोप नाय. रोप नाय तर वरीसभर नागली कुठली?”

हे बिचारे मदत करायला धावले. “नाशिकहून वखारीतनं टेम्पोभर लाकूड आणून देतो,” म्हणाले. बाईला हसू आवरेना. लाकडानं जमीन करपते, राब हळू भाजावा लागतो, हे ती हसतहसतच सांगत होती. मला मात्र हसू येत नव्हतं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणारी मी, हातात हद्द लिहिलेली वही असताना दुसऱ्याच्या शेतात बसले होते. क्षणभर मनात आलं, पाला चुलीत घालायला सुरुवात यांनी केली. पण यांनी विचारलं होतं, आणि उत्तर मी दिलं होतं.

“मी भरून देते,” मी म्हटलं. “वैशाखाच्या आत. दर रविवारी येईन.”

बाईनं माझ्या बाईककडे पाहिलं. “हिच्यावर?”

त्या एका शब्दात ‘जमेल का’ पुरेपूर भरलेलं होतं. पण या वेळी डोकं तापलं नाही. विचारायचा तिला हक्क होता.

पुढच्या रविवारी पहाटेच निघालो. खालच्या दरीत सागाचा पाचोळा गुडघाभर साचलेला. झाड तोडायचं नाही, पडलेलंच उचलायचं, हे बाईनं आधीच बजावलं होतं. जुन्या साडीत पाला बांधून ते बोचकं सीटच्या मागे करकचून बांधलं. सागाचं पान वजनाला हलकं, पण बोचकं माझ्या डोक्यापेक्षा उंच झालं. दरीतून वर एक सरळ पायवाट जात होती. जवळची म्हणून तीच धरली. अर्ध्यावर पुढचं चाक उचललं, बोचकं एकीकडे कललं, आणि मी, गाडी, पाला असे तिघे तीन दिशांना गेलो. कोपर सोललं. पाला वाऱ्यावर निघून गेला.

वर बाई उभी होती. ती ओरडली, “ती शेळ्यांची वाट! गाभण गाय जिकडनं येती तिकडनं ये!”

मला ती वाट दिसतच नव्हती. मग तिनं दाखवली. डोंगराच्या कडेकडेनं, वळणं घेत, तिप्पट लांब. गाभण गाय उडी मारत नाही, सरळ चढ अंगावर घेत नाही, निसरड्यावर पाय टाकत नाही. वर्षानुवर्षं खुरांनी दाबून दाबून जमीन कशी झाली होती, पक्की पण कडक नाही. चुकलं तर वाळलेलं शेण बघत जायचं, म्हणजे वाट परत सापडते. मी दोन महिने नकाशांत डोकं घालून जी नवशिक्यांची वाट शोधत होते, ती ही. उपग्रहाला ती दिसत नव्हती, आणि पाड्यावर ती सगळ्यांना ठाऊक होती.

त्या दिवशी पाच खेपा केल्या. दोनदा पडले, पण जागच्या जागी, पाला न सांडता. दुसऱ्या रविवारी सात खेपा. वळणावर नजर चाकासमोर न ठेवता वाटेच्या पुढच्या टोकाला ठेवायची, क्लच दोन बोटांनी धरायचा, बोचकं ज्या बाजूला झुकतंय तिच्या उलट्या बाजूच्या फुटरेस्टवर भार द्यायचा, हे सगळं मला कुणी शिकवणाऱ्यानं नाही, त्या सागाच्या पाचोळ्यानं शिकवलं. तिसऱ्या रविवारी एकदाही पडले नाही. पाड्यावरच्या बायका पाण्याला जाताना थांबून बघायच्या. एकीनं विचारलं, “लय भ्या वाटत आसंल?” मी खरं सांगितलं, वाटतं. मग ती म्हणाली, “मंग बरं हाय.”

हे वर तुकड्यावर असायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाळकं शेण फोडून पसरायचे, वरून माती टाकायचे. घडीची खुर्ची तिथेच उघडी पडलेली, पण तिच्यात बसलेले मी त्यांना एकदाही पाहिलं नाही.

चौथ्या रविवारी शेवटचं बोचकं रिकामं केलं, वर गवत अंथरलं, माती पसरली, आणि मी बाईला म्हटलं, “झालं.” ती चपला काढून राबावर चढली आणि टाचेनं दाबत दाबत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. मध्ये थांबली.

“इथं पोकळ हाय. आग येल आन् नुसती वरनं पळंल. काढ.”

सत्तावीस वर्षांत माझं काम कुणी असं परत पाठवलं नव्हतं. मी गुडघे टेकून तेवढा भाग पूर्ण उकरला, पाला दाबून पुन्हा भरला, माती टाकली. ती पुन्हा चालली. आणखी एका कोपऱ्यात माती जाड झाली होती, तीही काढायला लावली. तिसऱ्यांदा चालली आणि खाली उतरून चपला घातल्या. तीच सही. घरी येताना मी हेल्मेटमध्ये मोठमोठ्यानं गात होते. मला गाता येत नाही.

वैशाखात राब भाजायच्या दिवशी माझी ड्यूटी होती. मी जेवणाच्या सुट्टीत सरपंचाला फोन केला. तो म्हणाला, “भाजलं, ब्येस भाजलं.” पण नीट भाजलं का नाही हे रोप वर आल्यावरच कळतं, हे एव्हाना मलाही माहीत होतं. जून गेला. कारखान्यात हातातला भाग तपासताना माझ्या डोक्यात नागली असायची. उगवलं नसेल तर? माझ्या एका ठाम वाक्यापायी एका घराचं वर्ष वाया गेलं असेल, तर कुठल्या तोंडानं जायचं? यांनी दोनदा म्हटलं, फोन कर. मी केला नाही. मला डोळ्यांनी बघायचं होतं.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी पाऊस जरा उघडल्यावर एकटीच गेले. गुरांची वाट चिखलाची झाली होती. पहिल्या गिअरमध्ये, उभी राहून, घाई न करता वर गेले. तुकडा दिसला आणि मी गाडी बंद केली. बाईच्या निम्म्यात रोप होतं, आणि माझ्या निम्म्यात रोप होतं. हिरवंगार, वीतभर, दाट. मधली रेघ कुठे होती ते शोधूनही सापडत नव्हतं. ज्या कोपऱ्यात जाड माती काढायला लावली होती, तिथेही. इतका अभिमान मला पहिल्या पगाराच्या दिवशीही वाटला नव्हता.

बाई आणि तिची सून लावणीसाठी रोपं उपटत होत्या. तिनं मला पाहून नुसती मान हलवली. मीही पँट दुमडून चिखलात उतरले. तेवढ्यात वरच्या अंगानं एक शेजारीण टोपली घेऊन आली. तिचं रोप कमी पडलं होतं, थोडं हवं होतं. शेजारणीला वाईट रोप देत नाहीत तिकडे. दिलेलं रोप रुजलं नाही, तर ते वर्षभर सगळ्यांच्या लक्षात राहतं.

बाईनं कंबर सरळ केली, दोन्ही बाजूंना पाहिलं आणि माझ्या निम्म्याकडे हात केला.

“घे तिकडचं,” ती म्हणाली. “ह्या बाईनं केलेला राब हाय.”

शेजारणीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, चिखलानं भरलेल्या बुटांपर्यंत. मग ती वाकली. एक मूठ उपटली, उलटी करून मुळं पाहिली, माती झटकली आणि टोपलीत ठेवली. मग दुसरी मूठ उपटली, आणि ती न पाहताच टोपलीत टाकली.