दाराला पाठ लावून

लग्नानंतर दोन महिन्यांनी नवऱ्याला काळेवाडीत खोली मिळाली आणि मी सासूबाईंबरोबर गावाहून तिथे आले. चाळीत बारा खोल्या, संडास दोन. सकाळी पहिल्या शिफ्टचे लोक टमरेल घेऊन रांगेत उभे असायचे. पहिल्याच दिवशी मी आत बसते न बसते तोच दार धडधडलं.

"कोण हाय आत? बस चुकंल आमची!"

तशीच उठले. मान खाली घालून खोली गाठली.

तेव्हापासून मी पाणी पिणंच कमी केलं. भाकरी अर्धीच खायची. जायलाच लागू नये, एवढंच डोक्यात. सहाव्या दिवशी पोट दगडासारखं झालं, फोडणीच्या वासानेही मळमळायला लागलं. शेजारणी एकमेकींना खुणा करून हसल्या. नवरा आतल्या आत खूश. खरं सांगायची लाज वाटत होती, आणि न सांगून पोटातली कळ सोसवत नव्हती.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. भांडी घासताना मी ओठ चावलेला त्यांनी पाहिला. दार लोटून जवळ बसल्या.

"पोरी, किती दिस झालं?"

मी सहा बोटं दाखवली आणि रडायलाच लागले.

भिंतीपलीकडून ऐकून शेजारीण एरंडेलाची बाटली घेऊन आली. सासूबाईंनी ती परत केली. "उपाशी पोटाला जुलाब न्हाई सोसायचा. आधी डाक्टरला दावू."

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "भरपूर पाणी, पालेभाजी, फळं. उलटी झाली किंवा पोट फुगलं तर लगेच या."

दोन दिवस मी तांब्या तांब्याने कोमट पाणी प्यायले. भिजवलेल्या काळ्या मनुका, पपई, चाकवताची पातळ भाजी, वर तूप. संध्याकाळी सासूबाई मला नदीपर्यंत चालवत न्यायच्या. तरी काहीच नाही. उलटी होईल या धास्तीने मी सारखी पोटावर हात ठेवायचे.

तिसऱ्या सकाळी पोटात गुरगुरलं. सासूबाई माझ्याबरोबर आल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाहेर आवाज चढले.

"मावशी, शिफ्ट चुकती!"

"चुकू दे. आत माझी सून हाय. तिला सावकाश बसू दे."

मग कोणी दार वाजवलं नाही. बाहेर आले तेव्हा पोट हलकं झालं होतं. सासूबाईंनी माझा दंड धरला.

पुढे महिनाभर त्या रोज बरोबर आल्या. चाळीतल्या दुसऱ्या दोघी सुनाही मग आमच्या सोबतीने यायला लागल्या.