थंडीची सवय

सुलभा गेली तेव्हा तिच्या अंगात स्वेटर होता. बाहेर बहरीनचा जुलै. तिची सून मला बोलवायला वर आली, "मावशी, आई उठत नाहीत." मी खाली गेले तर खोली गार, सुलभा त्याहून गार. ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, "बुखार था क्या?" म्हटलं, नाही रे बाबा, विलायतेला जायची तयारी चालली होती.

तिची मुलगी वर्षा इंग्लंडात समुद्रकाठच्या एका खेड्यात राहते, तिथल्या वृद्धाश्रमात नर्स आहे. सुलभाला तिच्याकडे कायमचं जायचं होतं. दुसरीकडे जायला जागाच नव्हती. नवरा गेलेला, चिपळूणचं घर दिरांनी विकलेलं, आणि मुलाची इथली नोकरी संपत आलेली. ती संपली की सुलभाचा व्हिसाही खलास. म्हणून इथल्या गुदैबिया वस्तीतल्या त्या एवढ्याशा खोलीत ती एसी सोळावर लावून स्वेटर घालून बसायची... तिकडच्या थंडीची सवय व्हावी म्हणून.

वर्षा फोनवरून तिला गाव फिरवून आणायची. मीही शेजारी बसून बघायची. किनाऱ्याला वाळू नाही, नुसते गोटे. वर कडा, तो दर पावसाळी वाऱ्यात थोडा ढासळतो. एक चर्च, एक दुकान, कधीतरी येणारी बस. घरं देखणी, पण निम्म्यांना कुलूप. मालक शहरात, उन्हाळ्यापुरते येतात.

"माणूस कुठंय गं तुझ्या गावात? नुसत्या बकऱ्या," मी सुलभाला चिडवायची.

"मेंढ्या आहेत त्या."

"मग बोलणार कुणाशी?"

"मेंढ्यांशीच. तुझ्यासारख्या मध्ये तोंड घालत नाहीत."

वर्षाने तिकडच्या सरकारकडे आईसाठी परवानगी मागितली. नाही म्हणाले. पुन्हा मागितली, पुन्हा नाही. आई मुलाजवळ आहे, तिची सोय आहे, असं त्यांचं म्हणणं. सुलभाने ऐकून घेतलं, चहा प्यायली आणि एसी परत सोळावर केला. मी विचारलं, "आता कशाला?" तर म्हणाली, "बंद करून तरी काय करू?" त्यानंतर महिनाभरात गेली. लोक म्हणतात, धसक्याने गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी डॉक्टरांचं धरते.

वर्षा येईपर्यंत थांबता आलं नाही, सगळं इथेच उरकलं. परवा तिचा फोन आला. फोन हातात धरून ती जिना चढली आणि एक दार उघडलं. पलंग ठेंगणा, म्हाताऱ्या माणसाला उतरता येईल असा. न्हाणीघरात धरायला दांडा बसवलेला. खिडकीत खुर्ची.

"आईला सांगितलं नव्हतं, मावशी. आल्यावर दाखवणार होते... आता काय करू या खोलीचं?"

"उन्हाळ्यात येतात त्यांना भाड्याने दे."

ती रडायला लागली. दुसरं काय सांगायचं होतं मी? पण तिने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. खिडकीबाहेर धुकं होतं, समुद्र कुठे दिसत नव्हता. ती तिथून आणि मी इथून, आम्ही दोघी ती रिकामी खुर्ची बघत बसलो.